घोरतोय की गुदमरतोय?

कर्करोगाने आजारी असलेल्या आजोबांना रुग्णालयातून घरी आणून आठ-दहा दिवस झाले आहेत. आजार मणक्यात पसरल्यामुळे पाठ असह्य दुखते. त्यासाठी डॉक्टरांनी छातीवर चिकटवायची फेंटानिलची पट्टी दिली आहे आणि मधेच कळ आली तर घ्यायला मॉर्फिनच्या गोळ्या. दोन दिवसांपासून आजोबांना ताप आहे. पाणी धड पीत नाहीत, लघवीही कमी झाली आहे. आज मात्र संध्याकाळपासून ते शांत झोपले आहेत आणि मोठ्याने घोरत आहेत. ‘किती दिवसांनी डोळा लागलाय, उठवू नकोस गं,’ असं आजी सुनेला सांगतात. सून दिवा मालवते. पहाटे केव्हातरी ते घोरणं थांबतं.

ही कुणा एका घरातली हकिगत नाही. जगभरातल्या आपत्कालीन विभागांत ती वेगवेगळ्या रूपांत येते. कुठे वसतिगृहाच्या खोलीत मित्रांनी ‘जास्त झालीय, झोपू दे’ म्हणून पांघरूण घातलेला विशीतला मुलगा असतो. कुठे जुलाब थांबवायच्या गोळ्या खाऊ समजून गिळलेलं दोन वर्षांचं मूल असतं. कुठे गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल आणि झोपेसाठी वेगळी गोळी घेणाऱ्या आजी असतात. या सगळ्यांत औषधाचं कूळ एकच, अफूचं. आणि आसपासच्या माणसांची चूकही एकच. बेशुद्धीला त्यांनी झोप समजलेलं असतं.

अफूवर्गीय औषधांच्या विषबाधेत माणूस सहसा हृदय बंद पडून किंवा यकृत निकामी होऊन मरत नाही. तो श्वास घ्यायचं विसरतो. म्हणजेच मृत्यूआधी बराच वेळ, कधी काही मिनिटं तर कधी कित्येक तास, त्याचा श्वास मंदावत गेलेला असतो. ज्याला ही खूण ठाऊक आहे त्याच्यासाठी तो वेळ म्हणजे हातात असलेली संधी असते. म्हणून या विषबाधेचं निदान प्रयोगशाळेच्याही आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सुरू होतं.

घरातली अफू

अफू म्हटलं की डोळ्यांसमोर गर्दचा व्यसनी येतो. पण हे कूळ मोठं आहे. खसखशीच्या बोंडाच्या चिकातून मिळणारी मॉर्फिन आणि कोडीन ही त्यातली नैसर्गिक औषधं. मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया करून हेरॉइन बनतं. आपल्याकडचं गर्द म्हणजे त्याचंच भेसळयुक्त रूप. पूर्णपणे कारखान्यात तयार होणारी फेंटानिल, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल आणि मेथाडोन ही याच कुळातली. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. जुलाब थांबवणाऱ्या काही गोळ्यांत डायफेनॉक्सिलेट असतं. व्यसनमुक्तीच्या उपचारात ब्युप्रेनॉर्फिन देतात.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातले सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थांचं सेवन करतात. त्यात हेरॉइनचं प्रमाण सर्वाधिक होतं, पण औषध म्हणून बनलेल्या गोळ्या, सिरप आणि इंजेक्शनं दुसऱ्या क्रमांकावर होती. कच्ची अफू त्यांच्या मागे पडली होती. २०१८ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ट्रॅमाडॉलला अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणलं, त्यामागे हेच कारण होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे सव्वा लाख माणसं या पदार्थांच्या अतिमात्रेने दगावली.

श्वास का मंदावतो?

आपण झोपेतही श्वास घेतो, कारण मेंदूच्या तळाशी असलेला देठासारखा भाग, म्हणजे मेंदूस्तंभ, हे काम रात्रंदिवस सांभाळत असतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा जरी वाढला तरी तिथल्या पेशींना ते कळतं आणि त्या छातीच्या स्नायूंना ‘श्वास घ्या’ असा हुकूम देतात. श्वास रोखून धरला की काही सेकंदांत जीव घाबरतो, तो याच पहारेकऱ्यामुळे.

अफूवर्गीय औषधं मेंदूतल्या ज्या ग्राहींना चिकटून वेदना कमी करतात, त्याच प्रकारच्या ग्राही या पहारेकऱ्याच्या पेशींवरही असतात. मात्रा वाढली की तो पेंगायला लागतो. कार्बन डायऑक्साइड साठत जातो, पण हुकूम सुटत नाही. श्वास आधी उथळ होतो, मग विरळ होतो, दोन श्वासांमधलं अंतर वाढत जातं. दम्याच्या रुग्णासारखी धडपड इथे दिसत नाही, कारण गुदमरल्याची जाणीवच बोथट झालेली असते. म्हणून बघणाऱ्याला तो माणूस निवांत वाटतो.

घोरण्याचं कारणही यातच आहे. घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि हवेची वाट अर्धवट बंद होते. त्या फटीतून हवा जाताना जो आवाज होतो त्याला आपण घोरणं म्हणतो. रोज न घोरणारा माणूस अचानक घोरू लागला, घशात घरघर ऐकू येऊ लागली किंवा दोन घोरण्यांमध्ये लांब शांतता पडू लागली, तर ती गाढ झोप नाही असं धरून चालावं.

तीन खुणा

डॉक्टर या विषबाधेचा संशय प्रामुख्याने तीन गोष्टींवरून घेतात. पहिली, शुद्ध हरपत जाणं. दुसरी, श्वास मंदावणं. तिसरी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणं. तिन्ही एकत्र दिसल्या की निदान जवळजवळ पक्कं होतं. पण या तिघींचं वजन सारखं नाही.

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमधला एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. अचानक शुद्ध हरपलेल्या सुमारे सातशे रुग्णांना रुग्णवाहिकेतच अफूचा उतारा देण्यात आला होता. त्यातल्या फार थोड्यांना त्याचा पूर्ण उपयोग झाला. तो कुणाला होईल हे आधी ओळखता आलं असतं का, हे अभ्यासकांनी तपासलं. मिनिटाला १२ किंवा त्याहून कमी श्वास, बारीक बाहुल्या आणि आसपास सापडलेला पुरावा या तीन साध्या निकषांनी जवळजवळ सगळे खरे रुग्ण ओळखता येत होते. त्यातही श्वासांची संख्या हा भरवशाचा निकष ठरला. तेव्हापासून आपत्कालीन वैद्यकात हे जणू पाठांतराचं वाक्य झालं आहे.

विश्रांतीत असलेल्या निरोगी प्रौढ माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात. ते मोजायला पदवी लागत नाही. माणसाच्या पोटावर किंवा छातीवर हलकेच हात ठेवायचा, सेकंदकाट्याकडे बघायचं आणि पूर्ण ६० सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे घातक ठरते, कारण नेमक्या त्या पंधरा सेकंदांत दोन-तीन श्वास येऊन पुढचा अर्धा मिनिट शांतता असू शकते. लहान मुलांचा श्वास एरवीच जलद असतो. त्यामुळे मुलाचे श्वास मोठ्यांसारखे १२-१४ झाले असतील, तर तेही चिंतेचंच आहे.

याशिवाय ओठ आणि नखं निळसर किंवा राखाडी होणं, अंग गार पडणं आणि नाडी मंदावणं याही खुणा असतात. सावळ्या त्वचेवर निळेपणा पटकन कळत नाही. ओठांची आतली बाजू आणि नखांची मुळं बघावी लागतात.

कोविडनंतर अनेक घरांत ऑक्सिमीटर आला. तो जरूर लावावा. आकडा कमी आला तर धोका नक्की आहे. पण आकडा चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नये. रुग्णाला यंत्रातून किंवा सिलिंडरमधून ऑक्सिजन सुरू असेल, तर श्वास धोकादायकरीत्या मंदावला तरी ऑक्सिमीटर बराच वेळ ९८ दाखवत राहतो. तोवर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असतो आणि तो या यंत्राला मोजता येत नाही. तिथे पुन्हा घड्याळच कामी येतं.

बाहुल्या फसवतात तेव्हा

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या डॉक्टरला बारीक बाहुल्या दिसल्या की पहिली शंका वेगळीच येते, ती कीटकनाशकाची. ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या फवारणीच्या औषधांनीही बाहुल्या टाचणीएवढ्या होतात आणि माणूस बेशुद्ध पडतो. फरक बाकीच्या शरीरात असतो. कीटकनाशकाच्या विषबाधेत अंग घामाने भिजतं, तोंडाला लाळ-फेस येतो, डोळ्यांतून पाणी वाहतं, छातीत घरघरतं, जुलाब-उलट्या होतात, स्नायू थरथरतात आणि बहुधा उग्र वास येतो. अफूच्या विषबाधेत उलट सगळं मंद आणि कोरडं असतं. पोटाला कान लावला तर आतड्यांचा आवाजही जेमतेम येतो. दोन्हींचे उतारे वेगळे असल्यामुळे हा फरक लवकर ओळखणं गरजेचं असतं.

मेंदूस्तंभात रक्तस्राव झाला तरी बाहुल्या बारीक होतात. पण तिथे रक्तदाब बहुधा खूप चढलेला असतो. रक्तदाबावरच्या क्लोनिडीन या औषधाच्या अतिमात्रेतही हुबेहूब असंच चित्र दिसतं. उलट अफूवर्गीय विषबाधा असूनही बाहुल्या बारीक नसतील असंही घडतं. पेथिडीन आणि ट्रॅमाडॉल यांच्या बाबतीत बाहुल्या नेहमीच्या आकाराच्या राहू शकतात. सोबत दुसरं औषध घेतलं असेल किंवा मेंदूला बराच वेळ ऑक्सिजन मिळाला नसेल, तर त्या मोठ्याही दिसतात. म्हणून ‘बाहुल्या नॉर्मल आहेत, म्हणजे ते नसेल’ असा निष्कर्ष कुणी काढू नये.

आणि कोणत्याही बेशुद्ध माणसाची रक्तशर्करा तपासायची असते. मधुमेहाच्या गोळ्यांनी किंवा इन्शुलिनने साखर उतरलेला रुग्ण आणि अफूने गुंगलेला रुग्ण लांबून सारखेच दिसतात. बोटाला एक सुई टोचली की त्या शंकेचा मिनिटभरात निकाल लागतो.

ट्रॅमाडॉल स्वतःच एक कोडं आहे. त्याच्या अतिमात्रेत गुंगीबरोबर झटके येऊ शकतात आणि घरचे ‘फिट आली’ म्हणून आणतात. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर ते घेतलं असेल, तर थरथर, ताप, घाम आणि अस्वस्थता असं अफूच्या अगदी उलट चित्रही दिसतं. रुग्ण कोणकोणत्या गोळ्या घेतो हे घरच्यांनी सांगितलं नाही, तर असं निदान हुकू शकतं.

रिपोर्ट निगेटिव्ह, रुग्ण बेशुद्ध

लोकांना वाटतं, लघवी तपासली की विष कळेल. प्रत्यक्षात ही झटपट चाचणी दोन्ही बाजूंनी चकवते. तिची बांधणी मॉर्फिनसारख्या रेणूंना ओळखण्यासाठी झालेली असते. त्यामुळे हेरॉइन आणि कोडीन सापडतात, पण फेंटानिल, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन तिच्यातून निसटतात. त्यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात आणि त्या प्रत्येक रुग्णालयात नसतात. म्हणजे पट्टीतल्या फेंटानिलने रुग्ण मरणाच्या दारात असतानाही रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो.

उलट बाजूही आहे. औषध घेऊन एक-दोन दिवस उलटून गेले तरी चाचणी ‘पॉझिटिव्ह’ राहते. आज माणूस बेशुद्ध कशाने आहे हे त्यातून कळत नाही. आणि आपल्या अनारशावरची खसखस? खसखशीच्या दाण्यावर बोंडातल्या चिकाचे अंश राहतात. भरपूर खसखस खाल्ल्यावर लघवीत मॉर्फिन सापडू शकतं. निरपराध माणसं यामुळे अडकू लागली, तेव्हा अमेरिकेने १९९८ मध्ये नोकरदारांच्या चाचणीतली मर्यादा दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० वर नेली. खसखशीने कुणाला विषबाधा होते असा याचा अर्थ नाही; एकट्या चाचणीवर विसंबू नये, एवढाच आहे.

म्हणून अनुभवी डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करतात आणि तपासण्या दुसऱ्या प्रश्नांसाठी करतात. ट्रॅमाडॉल किंवा कोडीन अनेकदा पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत असतं. अफूची गुंगी उतरते, रुग्ण बोलू लागतो आणि दोन-तीन दिवसांनी पॅरासिटामॉलमुळे यकृत कोलमडतं. म्हणून त्याची रक्तातली पातळी मोजतात. त्याचाही उतारा आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो. रुग्ण तासन्‌तास एकाच कुशीवर पडून राहिला असेल, तर दबलेले स्नायू कुजून मूत्रपिंडं बिघडतात. लघवी गडद तपकिरी होते. काहींच्या फुप्फुसांत पाणी भरतं, म्हणून छातीचा एक्स-रे काढतात. मेथाडोनसारखी औषधं हृदयाची लय बिघडवतात, म्हणून ईसीजी काढतात.

उतारा हीच चाचणी

फार थोड्या विषांना नेमका उतारा असतो. अफूला आहे. १९६१ मध्ये पेटंट घेतलेलं आणि १९७१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं नॅलोक्सोन हे औषध त्याच ग्राहींवर जाऊन बसतं, पण त्यांना पेंगवत नाही. तिथे बसलेल्या अफूला ते ढकलून देतं. शिरेतून दिल्यावर एक-दोन मिनिटांत श्वास वेग धरू लागतो. हा प्रतिसाद मिळाला की निदानाला पुष्टी मिळते.

प्रतिसाद मिळाला नाही तर? मग डॉक्टर पुन्हा विचार करतात. मात्रा अपुरी पडली असेल. ब्युप्रेनॉर्फिनसारखं घट्ट चिकटणारं औषध असेल. दारू किंवा झोपेच्या गोळ्याही घेतल्या असतील, ज्यांच्यावर नॅलोक्सोनचा काहीच परिणाम होत नाही. किंवा मुळात कारणच वेगळं असेल.

नॅलोक्सोनचा परिणाम साधारण अर्धा ते दीड तास टिकतो. बहुतेक अफूवर्गीय औषधं त्याहून जास्त काळ शरीरात राहतात. फेंटानिलची पट्टी काढून टाकली तरी त्वचेखाली साठलेलं औषध झिरपत राहतं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे १७ तास लागतात. म्हणून ‘शुद्धीवर आलाय, आता घरी नेतो’ असं म्हणणारे नातेवाईक अनवधानाने रुग्णाला पुन्हा त्याच खाईत लोटत असतात. उतारा संपतो, विष शिल्लक राहतं.

मात्रा थोडी-थोडी वाढवत द्यायची असते आणि श्वास पूर्ववत होणं हे उद्दिष्ट असतं. एकदम मोठा डोस दिला तर व्यसनी माणसाला उलट्या, कळा आणि प्रचंड अस्वस्थता सुरू होते. कर्करोगाच्या रुग्णाची दबलेली वेदना एका क्षणात उसळून येते.

मॉस्कोतली ती सकाळ

रुग्णाच्या पोटात किंवा श्वासात काय गेलं आहे हे डॉक्टरांना ठाऊकच नसेल तर काय होतं, याचं भीषण उदाहरण २००२ सालचं आहे. २३ ऑक्टोबरला चेचेन अतिरेक्यांनी मॉस्कोतल्या दुब्रोवका नाट्यगृहात शेकडो प्रेक्षकांना ओलीस धरलं. २६ च्या पहाटे रशियन सुरक्षा दलांनी वायुवीजनाच्या यंत्रणेतून आत गुंगीचा वायू सोडला आणि मग धाव घेतली. सुमारे १३० ओलीस दगावले आणि त्यातले बहुतेक त्या वायूमुळे. कोणता वायू वापरला हे बाहेर थांबलेल्या डॉक्टरांना सांगितलेलं नव्हतं. बेशुद्ध माणसांना उचलून बाहेर आणलं गेलं आणि त्यातल्या अनेकांना उताणं ठेवलं गेलं. जीभ मागे पडून, उलटी श्वासनलिकेत जाऊन माणसं गुदमरली.

तो वायू फेंटानिलच्या कुळातला होता, एवढं रशियाच्या आरोग्यमंत्र्यांनी काही दिवसांनी मान्य केलं. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी वाचलेल्या ओलिसांचे कपडे आणि लघवी तपासली आणि त्यात कारफेंटानिल व रेमिफेंटानिल सापडल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. विषाचं नेमकं नाव कळायला दहा वर्षं लागली. पण कुशीवर वळवायला, हनुवटी वर करून श्वासाची वाट मोकळी करायला नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती.

धोका कुणाला जास्त?

आपण सुरुवातीला पाहिलेल्या आजोबांच्या बाबतीत दोन गोष्टी घडल्या होत्या. तापाने तापलेल्या त्वचेतून पट्टीतलं औषध जास्त वेगाने आत गेलं. गरम पाण्याची पिशवी किंवा शेक घेतल्यानेही हेच होतं. आणि पाणी कमी पडल्याने मूत्रपिंडं मंदावली. शरीरात मॉर्फिनपासून तयार होणारा एक जोरकस घटक मूत्रपिंडावाटे बाहेर जातो; तो साठत गेला. पट्टी तीच, गोळी तीच, डोस तोच, आणि तरी विषबाधा.

मूत्रपिंडाचे रुग्ण, वृद्ध, झोपेत श्वास अडकणारे म्हणजे स्लीप ॲप्नियाचे रुग्ण, आणि अफूवर्गीय औषधाबरोबर झोपेची गोळी किंवा दारू घेणारे यांना धोका अधिक असतो. जुनी पट्टी काढायची विसरून दुसरी लावणं ही नेहमीची चूक. वापरलेल्या पट्टीतही बरंच औषध उरलेलं असतं. ती केरात टाकली आणि मुलाने अंगाला चिकटवली किंवा चघळली, तर जिवावर बेतू शकतं. जुलाबाच्या गोळ्या गिळलेल्या लहान मुलात परिणाम कित्येक तास उशिरा दिसू शकतो. मूल खेळतंय म्हणून घरी थांबू नये.

व्यसनी माणसासाठी सगळ्यात धोक्याचे दिवस कोणते? व्यसन सुटल्यानंतरचे. व्यसनमुक्ती केंद्रातून, तुरुंगातून किंवा दीर्घ आजारातून बाहेर आलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते. मन मात्र जुनाच डोस मागतं. पूर्वी पचलेली मात्रा आता प्राणघातक ठरते. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवलं पाहिजे.

घरी काय करायचं?

• मोठ्याने हाक मारा, खांदे हलवा. उठत नसेल तर छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या गाठींनी जोरात घासा. झोपलेला माणूस कुरकुरत का होईना, हात झटकतो.

• पूर्ण मिनिट श्वास मोजा. प्रौढात १२ किंवा कमी असतील, मधे लांब खंड पडत असतील किंवा माणूस जागा होत नसेल, तर १०८ ला फोन करा. माणूस अजिबात उठत नसेल तर मोजण्यातही वेळ घालवू नका.

• श्वास सुरू असेल तर कुशीवर वळवा. अंगावर पट्टी असेल तर काढा, पण टाकू नका. त्या जागी शेक देऊ नका.

• श्वास थांबला असेल किंवा अधूनमधून आचके येत असतील, तर मदत येईपर्यंत सीपीआर द्या. शिकलेलं असेल तर तोंडाने श्वासही द्या. इथे मूळ तुटवडा हवेचा आहे.

• तोंडावर पाणी मारणं, कॉफी पाजणं, मिठाचं पाणी देऊन उलटी करवणं, कांदा हुंगवणं यांचा उपयोग नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं काहीही फुप्फुसात जाऊ शकतं.

• गोळ्यांची पाकिटं, बाटल्या, पट्टी, जुनी प्रिस्क्रिप्शनं सगळं रुग्णालयात न्या. किती आणि केव्हा घेतलं, ते खरं सांगा.

यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड असतं. ‘चक्कर येऊन पडला’ एवढंच सांगणारे नातेवाईक आणि खोलीवरून पळ काढणारे मित्र बदनामीला आणि पोलिसांना घाबरलेले असतात. कायदेशीर नोंद होईल, हे खरं. पण आधी उपचार आणि मग कागदपत्रं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे. उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ संरक्षणही देतं. विषबाधेबद्दल डॉक्टरांना आणि कुटुंबीयांना सल्ला देणाऱ्या, ‘एम्स’मधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११६-११७ आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सेवा आहे.

नॅलोक्सोन आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. अतिमात्रेचा प्रसंग ज्यांच्यासमोर घडण्याची शक्यता असते त्यांच्या हाती, म्हणजे कुटुंबीय, मित्र आणि कार्यकर्त्यांच्या हाती ते असावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये केली. अमेरिकेत २०२३ पासून त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय मिळतो. घरी फेंटानिल किंवा मॉर्फिन सुरू असलेल्यांनी याबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं.

मॉर्फिनला घाबरू नका

हे वाचून कुणी आजारी माणसाची पट्टी काढून टाकली किंवा गोळ्या बंद केल्या, तर ते दुसऱ्या टोकाचं नुकसान होईल. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या जाचक अटींमुळे आपल्या देशात कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना वर्षानुवर्षं मॉर्फिन मिळालं नाही आणि ते तळमळत गेले. तो कायदा २०१४ मध्ये शिथिल झाला तो याच कारणासाठी. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेलं मॉर्फिन सुरक्षित असतं. श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढते. म्हणजे इशारा मिळतो. ‘कालपर्यंत बोलत होते, आज बोलता-बोलता झोपतात’ असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. ताप आला, जुलाब लागले, लघवी कमी झाली, तरीही फोन करायचा. डोस कमी करणं हे तेव्हा अगदी सोपं काम असतं.

आयुष्याच्या अगदी शेवटच्या दिवसांत आजारानेच श्वास मंदावतो, त्यात खंड पडतात. ती विषबाधा नसते आणि तिथे घाईने उतारा देणं क्रूर ठरू शकतं. असा टप्पा जवळ आला आहे का, तेव्हा काय करायचं आणि काय नाही, हे वेदनाशमन करणाऱ्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं. मध्यरात्री तो निर्णय एकट्या सुनेवर पडू नये.

आजीचं ‘उठवू नकोस’ हे मायेपोटी आलेलं होतं. वेदनेने जागलेल्या माणसाला झोप लागली की घरालाच हायसं वाटतं. त्या झोपेत व्यत्यय आणायला कुणाचं मन होत नाही. म्हणून उठवण्याच्या आधीचं काम करावं. दिवा मालवण्यापूर्वी एक मिनिट पोटावर हात ठेवून बसावं आणि मोजावं. चौदा-पंधरा आले, तर दिवा मालवायला हरकत नाही. सात-आठ आले, तर अख्ख्या घराला उठवायला हवं.